कपिलेच्या कानातले रक्त

गुणाजीने कपिला गाईच्या कानाच्या टोकाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ पसरला. कान धरून उभ्या असलेल्या मनमोहनरावांकडे त्याने पाहिले नाही. ते हात त्याला पुरेसे ठाऊक होते. गेल्या वर्षी जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार सुरू झाला, तेव्हा लालबागेतल्या आपल्या वाडीचा दरवाजा याच हातांनी आतून लावला होता. बाहेर दार ठोठावत राहिलेला वसंत, गुणाजीचा धाकटा भाऊ, तिथेच पडला.

आत जाऊन त्याने काच रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तांबड्या पेशींत जंतू जोडीजोडीने बसले होते. गोचिडीचा ताप. आज सुई मिळाली तर गाय वाचणार, नाहीतर दोन दिवसांत आडवी होणार.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी शेजारच्या खोलीतून विचारले. बारा वर्षांत गुणाजीचा शब्द खोटा ठरला नव्हता.

"काही नाही. साफ आहे."

त्याला फार बरे वाटले. मरू दे गाय त्या मनमोहनरावाच्या डोळ्यांदेखत. त्याने काच पुसून टाकली आणि निकाल सांगायला अंगणात आला.

"सकाळी भाकरीला तोंड लावलं नाही हिने," मनमोहनराव आपणहून म्हणाले. "एक म्हाताऱ्या बाई रोज दरवाजाशी येऊन हिला भाकरी भरवतात. वर्षभर चुकल्या नाहीत. त्याच म्हणाल्या, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या, माझा गुणाजी तिथे रक्त बघतो. तुम्हीच का हो?"

 गुणाजीची आई, सुभद्रा, रोज पहिली भाकरी फडक्यात बांधून बाहेर पडायची. 'वसंताच्या वाटची,' एवढेच म्हणायची. कावळ्यांना घालत असेल, असे तो समजत होता. त्याला आईचा संताप आला. कुणाच्या दारात जाऊन उभी राहते ही! पण आई वर्षभर जिला वसंताच्या वाटची भाकरी भरवत होती, तिलाच तो मारायला निघाला होता.

"डॉक्टर, सुई काढून ठेवा," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "चुकलं माझं. गोचिडीचा ताप आहे. दुसरी काच दाखवतो."

त्याने नवी काच घेतली.

"कान धरा, मालक."

थेंब आला.

"उद्यापासून भाकरी मी आणीन. तुमच्या दारात पडला त्या वसंताचा भाऊ मी. दरवाजा उघडा ठेवा."

मनमोहनरावांच्या हातून गाईचा कान सुटला.