पाण्याने चाटलेली रेघ

"राखेनं घास, साबणानं घास, पण बॉयलर बंद होणार नाही!" फोरमन अराप सिगेई ओरडत होता.

"पंधरा दिवस घासतेय. तुझं टक्कल एवढं घासलं असतं तर त्यात तोंड दिसलं असतं," बॉयलर सांभाळणारी म्हातारी ताप्रांदिच म्हणाली.

ज्या काचेवरून हे चाललं होतं, ती मी. नांदीच्या डोंगरातल्या चहाच्या कारखान्यात बॉयलरच्या तोंडावर उभी बसवलेली वीतभर नळी. आत पाणी किती उरलंय, एवढंच दाखवायचं. पाणी संपलं आणि आग चालू राहिली, तर बॉयलर फुटतो.

आले तेव्हा लख्ख होते. चुलीवरचं उकळतं पाणी काचेचं फारसं काही करत नाही. पण दाबाखाली कोंडलेलं, उकळीच्याही पलीकडे तापलेलं पाणी काच चाटतं, खडीसाखर चाटावी तसं. आधी धुरकट झाले, मग पातळ. पाणी रोज जिथे टेकायचं, तिथे आडवी रेघ कोरली गेली. दुखलं नाही. काहीच वाटलं नाही.

पूर्वी दर पाळीला ताप्रांदिच खालची तोटी उघडून मला रिकामी करायची, पुन्हा भरू द्यायची. वाफ वाया जाते म्हणून सिगेईने ते बंद केलं.

"रेघ दिसतेय ना, आजी? पाणी अर्ध्यावर आहे. फाटकात पानांचे सात ट्रक उभे आहेत, पान सडेल."

"दूध ठेवायचा वाळका भोपळा आपण आतून घासतो ना रे? ही आतून गेलीय." तिने तोटी उघडली. पाणी फसकन गेलं. रेघ जागीच. तोटी मिटल्यावर पाणी वर आलं, ते तळाशी बोटभर.

सिगेईने घाम पुसला. "पाणी भर. काच रविवारी बदलू."

"ही रविवारपर्यंत टिकत नाही. फुटली तर समोर तोंड माझं आहे."

"एवढी टिकली, अजून चार दिवस टिकेल!"

फुटायच्या आधीच मला काढलं; आता मी तिच्या घरात फळीवर पडून आहे, कशाच्याच कामाची नाही. बाकी मागणं नाही. रेघेवर विसंबू नका, पाणी हलतंय का ते बघा.

त्या दिवशी ती जळण खाली ठेवून सिगेईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मग रविवारपर्यंत तुझी खुर्ची या काचेसमोर मांड, लाकूड मी घालते."