आईने तोंडपाठ केलेले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझ्या पोटात एकच गोष्ट आहे: डोंगरापलीकडच्या गावांना टपाल पोचवणाऱ्या एका विधवा बाईची आणि तिच्या हट्टी खेचराची. छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराने माझा शब्द न् शब्द शिशाच्या खिळ्यांनी जुळवला. एका बाईने मला दोऱ्याने शिवले आणि पाठीवर हिरवे कापड चिकटवले. गोष्ट वाचायला मात्र त्या दोघांनाही सवड झाली नाही.

चर्चच्या रविवारच्या शाळेत पाठांतराचे पहिले बक्षीस म्हणून मी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती आले. पाठांतरात तिचा हात धरणारे त्या मंडळीत कोणी नव्हते. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि नव्या घरी जाताना तिने कपड्यांच्या पेटीत मला सर्वांत वर ठेवले. आता ती तीन लेकरांची आई आहे. तिला मी आईच म्हणते.

या घरातली मुले शाळेत जात नसत. आई त्यांना घरीच शिकवी. लेकरांनी देवाच्या भयात आणि एकमेकांच्या सोबतीने वाढावे, असे तिने आणि बाबांनी ठरवले होते. मुलांच्या आत्याला ते अजिबात पसंत नव्हते. "घरकोंबडी होतील पोरं," असे ती प्रत्येक भेटीत म्हणे. आई हसून तिच्यापुढे चहा ठेवी.

बाबा बेकरीत भट्टीवर होते. ते उजाडण्याआधीच घराबाहेर पडत. मागे आई जेवणाचे टेबल पुसून काढी. आधी प्रार्थना, मग एक स्तोत्र, मग गणित, आणि गणिताच्या कंटाळ्यावर उतारा म्हणून मी. ताई बारा वर्षांची होती. ती ऐकता ऐकता बटणे शिवी. मधल्याचे नाव सगळ्यांनी प्रश्नोबा ठेवले होते, आणि ते त्याने सार्थ केले होते. चार वर्षांची चिमी टेबलाखाली बसून ऐके.

"आई, खेचर प्रार्थना करतं का?" प्रश्नोबाने एकदा विचारले.

"ते वाटेत अडून बसतं ना, तीच त्याची प्रार्थना," आई म्हणाली. त्या दिवशी चिमी जेवायला बोलावूनही हलली नाही. म्हणाली, "मी प्रार्थना करतेय."

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मुलांनी मला तीन वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकले. चौथ्या वेळी आईचा चेहरा माझ्या जवळ येऊ लागला.

आधी एक वीत, मग चार बोटे. मग तिचा श्वास माझ्या ओळींवर पडू लागला. ओळीच्या मधोमध ती थबके आणि मान तिरकी करून शब्दाच्या कडेने बघे, जणू शब्दाच्या पुढ्यात कोणी उभे आहे. सगळ्यांत आधी मला कळले. पण मी सांगणार कोणाला, आणि सांगणार कसे? माझे एक अक्षरसुद्धा मला केसभर मोठे करता येईना.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. तिला वाटले, बाबांना कळले की आत्याला कळेल, आत्याला कळले की लेकरे शाळेत जातील आणि हे टेबल रिकामे होईल. मग तिने भलताच मार्ग धरला. दुपारी मुले अंगणात गेली की ती मला घेऊन मागच्या खिडकीशी बसे. एका हातात भिंग. नाक कागदाला टेकलेले. उद्या वाचायची पाने ती एकेक वाक्य करून पाठ करी. सकाळी मला समोर धरी, अंदाजाने पाने उलटवी, आणि न अडखळता म्हणून दाखवी. मुले म्हणत, आई हल्ली किती छान वाचते.

असे आठ महिने चालले. पुढे पुढे एका पानाला सबंध दुपार जाऊ लागली. तिच्या हनुवटीवरून पाणी माझ्यावर पडे आणि ती ते पदराने टिपून घेई. "प्रभू, एवढं पुस्तक संपू दे," ती म्हणे. "मग काय करायचं ते कर." मी तिच्या मांडीवर उघडे पडून हे ऐकत होते. इतके लाचार मला कधीच वाटले नव्हते.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी चिमीने पाण्याच्या टबात सोडायला होड्या केल्या होत्या. त्यासाठी तिने माझीच दोन पाने फाडली. आईला ते माहीत नव्हते. सकाळी तिने मला उघडले आणि वाचायला सुरुवात केली. वादळ, बर्फ, घाटातली अरुंद वाट. प्रश्नोबा पाणी प्यायला उठला होता. परत येताना तो तिच्या खांद्यामागे थांबला.

"आई, तू वाचतेस ते पान इथे नाहीच," तो म्हणाला.

आईचा आवाज आणखी एक वाक्य पुढे गेला आणि थांबला. तिने माझ्यावरून बोटे फिरवली. शिवणीशी फाटलेली कड तिच्या बोटांना लागली.

"मला माहीत होतं," ताई हळूच म्हणाली. "मागच्या महिन्यात तू पुस्तक उलटं धरलं होतंस."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू वाचत होतीस म्हणून."

आईने मला मिटले. "खोटं बोलू नका, असं मी तुम्हाला रोज सांगते," ती म्हणाली. "आणि रोज सकाळी इथे बसून मीच खोटं वागले."

बाबा आले तेव्हा दारातच ताईने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी हातही धुतले नाहीत. तसेच नखांत पीठ घेऊन ते आईला दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी पुष्कळ वेळ तपासले. डोळ्यांच्या आतला पडदा खराब झाला होता. "सहा-सात महिन्यांपूर्वी आला असतात, तर बरंच वाचवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आता आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ." घरी आल्यावर बाबांनी ते वाक्य एकदाच सांगितले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

म्हणजे ज्या महिन्यांत डोळे वाचले असते, ते महिने माझ्यावर खर्च झाले. मित्रांनो, मला आग लागली असती तरी बरे, असे मला वाटले.

मला फडताळात सर्वांत खाली ठेवले गेले. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे आली, त्यांवर इस्त्री आली. टेबलावरची स्तोत्रे बंद झाली. ताईसाठी शाळेचा फॉर्म आला. आई खिडकीशी बसून राही. आता तिच्या हातात काहीच नसे. प्रश्नोबानेही प्रश्न विचारणे सोडून दिले होते. त्या घरातले सर्वांत भयंकर काही असेल, तर ते हेच होते.

एका सकाळी चिमीने वर्तमानपत्रे ओढून काढली आणि मला छातीशी धरून ती आईकडे गेली.

"मी पानं फाडली," ती म्हणाली. "म्हणून तुझे डोळे गेले का?"

आईने तिला चाचपडत जवळ ओढले. "नाही गं माझ्या राणी. इतके दिवस हे पोटात घेऊन बसली होतीस?"

"देवाला मी सॉरी म्हटलं. पण तुझे डोळे आले नाहीत."

आईने तिला मांडीवर घेतले. मग तिने ताईला हाक मारली. "वही आण. ती पानं अजून माझ्या डोक्यात आहेत. मी सांगते, तू लिही."

तिघे तिच्याभोवती बसली. आई सांगू लागली. वादळ, बर्फ, घाटातली अरुंद वाट. खेचर वाटेत बसते. बाई त्याला उठवते, चुचकारते, शेवटी ओरडते. मग आई थांबली.

"पुढे?" ताईने विचारले.

"खेचर उठलं नाही. तिथेच मेलं."

चिमी रडू लागली. "ताई, ते नको लिहूस. उठलं म्हणून लिही."

ताईची पेन्सिल थांबली. आधीच्या तिन्ही वाचनांत आई हे वाक्य गाळीत असे. मुलांना वाटे, खेचर मागून सावकाश येते आहे.

"लिही," आई म्हणाली. "तिथे तसंच होतं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

ताईने ते वाक्य लिहिले. मग पुष्कळ दिवसांनी प्रश्नोबाने तोंड उघडले. "मग टपाल?"

"टपाल तिने स्वतःच्या पाठीवर घेतलं," आई म्हणाली. "रडत होती. पण चालत होती."

त्या दुपारी बाबांनी बेकरीतल्या पिठाची खळ करून ती वहीची पाने माझ्या शिवणीत चिकटवली. ती थोडी तिरकी बसली आहेत. शाळेचा फॉर्म अजून टेबलावरच आहे, आणि आईला आता फक्त खिडकीचा उजेड कळतो. रोज सकाळी प्रार्थना झाली की ताई वाचते. ती चुकली की आई न बघता चूक सांगते. पुढे काय होईल ते त्या घरात कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही.

मित्रांनो, पुस्तके जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी फाटले तर खळीने जोडता येते. तेव्हा माझी चिंता करू नका. पण तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या माणसाचा चेहरा पानाच्या फार जवळ आलेला दिसला, तर गोष्ट संपायची वाट पाहू नका. मला तिथेच मिटा आणि विचारा, "तुला दिसतंय ना?"