जुळलेलं हाड

विठ्ठलराव पाटलांची मोटार मी तपासली होती. उमापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तपासताना माझ्या हाताला काय लागलं, ते मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी हाडं बसवतो. माणसाचं, बैलाचं, ज्याचं मोडेल त्याचं. डोळे मिटून बोटं फिरवली की कातडीखालचा तडा मला कळतो. या बोटांचा मला भारी गर्व होता, आणि कोणी शंका काढली तर मी त्याची चारचौघांत बिनपाण्याने करायचो.

पाटलांची थोरली लेक साखराबाई पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मूल आडवं आलं. बीडच्या दवाखान्यात नेता नेता ती बैलगाडीतच गेली. गाडीने सिंदफणा नदी ओलांडली होती, आणखी दोन तास मिळाले असते तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे दोन तास पाटलांच्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. दोन वर्षांनी धाकट्या छबुबाईला दिवस गेले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मुंजाजी, हिला बैलगाडीत घालायचं न्हाई. औरंगाबादेत एक मोटार इकायला हाय म्हणतेत. तू चल संगं."

"मला मोटारीतलं काय कळतंय, पाटील?"

"रंगानं डोळे फसतेत. तुजी बोटं न्हाई फसायची."

एवढं ऐकल्यावर मी कशाला मागे राहतो? निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे चाळीस, उन्हाळा होता. आम्ही गेलो.

मोटार निळी होती, पितळी दिव्यांची, नव्या नवरीसारखी सजवलेली. कोण्या नवाबाची आहे, हौस फिटली म्हणून काढली, असं व्यापारी सांगत होता. पाटील गादीवर बसून हरखले. मी धोतर खोचून खाली शिरलो आणि पाठीवर पडून चाचपू लागलो. मोटारीला खालून दोन लांब लोखंडी पट्ट्या असतात, तो तिचा कणा. डाव्या पट्टीवर, मधोमध, माझी बोटं थांबली. वर जाड ताजा रंग होता, पण खाली वीतभर गाठ होती. उजव्या पट्टीवर त्याच जागी तशीच दुसरी.

व्यापारी उकिडवा बसून बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"जोड है, चाचा," तो हळूच म्हणाला. "एकदम पक्का."

मोडलेलं हाड जुळलं की तिथे अशीच गाठ येते. चाळीस वर्षांत त्या गाठीवर पुन्हा मोडलेलं हाड मी पाहिलेलं नव्हतं. मोडतं ते दुसरीकडे. म्हणजे ही मोटार सगळ्यात भक्कम इथेच असणार, असं माझ्या अकलेला वाटलं. शिवाय पाटलांना सांगितलं असतं तर ते बिचकले असते, आणि आम्ही बैलगाडीनेच परत आलो असतो. मोटारीत बसून वेशीतून आत जायची मलाही हाव सुटली होती. ती सुटली होती, खोटं कशाला बोलू?

बाहेर येऊन मी हात झटकले. "माल खरा हाय, पाटील."

येताना शहागडला बैल जुंपून मोटार गोदावरीच्या पात्रातून पलीकडे ओढून काढली. उमापुरात नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, सगळ्या गावाने हात लावून पाहिला. पाटील मला म्हणाले, "आता माजी लेक वाटंत मरणार न्हाई." त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

छबुबाईचं पोट दुखू लागलं ते सकाळी. दिवस वर आला, मुलाचा हात आधी बाहेर आला आणि गीताबाई सुईण घाबरली. छबुबाईला मोटारीत मागे निजवलं, सुईण आणि पाटील तिच्याजवळ, मोटार चालवायला पाटलांनी ठेवलेला बद्रीनाथ पुढे आणि मी बाहेर पायरीवर उभा. गेवराई मागे पडली. बैलगाडीला सबंध सकाळ लागली असती, आम्ही घटकेत आलो होतो. पाटील सारखे म्हणत होते, "आलंच बीड, छबू. आलंच."

पुढे कोरडा ओढा होता. मोटार आत उतरली, उसळली, आणि कडाड आवाज झाला. तो आवाज मी चांगला ओळखतो.

मोटार मधोमध खचली. दोन्ही दारं चेपून बसली, काही केल्या उघडेनात. आत छबुबाई ओरडत होती. आम्ही वरचा कापडी टप फाडला आणि तिला वरून ओढून काढलं. मोटार असताना मागून बैलगाडी कोण आणतो? बद्रीनाथ शेताशेतांतून पळत सुटला. गाडी मिळेपर्यंत उन्हं कलली होती आणि छबुबाईचा आवाज बंद झाला होता. ती त्याच ओढ्यात गेली. थोरली बैलगाडीतून सिंदफणेपलीकडे पोचली होती. धाकटी मोटारीतून अलीकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी गेवराईचा लोहार आला. त्याने तुटलेली पट्टी मला दाखवली. कडेला बोटभर लोखंड चकचकीत होतं, आत सगळा जुना गंज.

"कुटंतरी दरीत पडून हिचे दोन तुकडे झालते. भंगारात काढलेली हाय ही. कुणीतरी तापवून चिकटवली अन् रंग फासला. लोखंड म्हंजे हाड न्हवं बाबा, आपुन भरून यायला. जोडलं तितंच तुटतंय. कुणी खाली हात घालून बघितलं न्हवतं का?"



दहाव्याला मी ठरवून पाटलांकडे गेलो. सगळं सांगायचं, मग मारोत की गावातून काढोत. ते ओसरीवर एकटे बसले होते. मला पाहताच उठले आणि माझे दोन्ही हात धरून रडले.

"तुजा दोष न्हाई, मुंजाजी. लोक काय बी बोलतेत. तुज्या हाताला लागलं असतं तर तू बोलला असतास, मला म्हाईत हाय. बोलला असतास न्हवं?"

माझी बोटं त्यांच्या हातात होती.

"बोललो असतो, पाटील," मी म्हणालो.