घरभेटीचा अभ्यास

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा विद्यार्थी सहसा नापास होत नाही. हे मी छाती फुगवून सांगतो, कारण छाती फुगवण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. बायको आणि दोन मुली आहेत, पण त्या माझ्यामुळे चांगल्या निघाल्या असं कुणीच म्हणत नाही.

दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घ्यायचं ही कल्पना बायकोची. दोन वर्षं ती विषय काढायची आणि मी टाळायचो.

"अगं, दोघी आहेत की आपल्याला," मी म्हणायचो.

"आहेत म्हणूनच म्हणतेय. मूल वाढवताना काय काय चुकतं ते आता ठाऊक झालंय."

मग तिने मला विचारणंच सोडलं. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचे कागद, लग्नाचा दाखला, प्रत्येकाचं भाषांतर, सगळं एकटीने खेटे घालून जमवलं आणि एका सकाळी चहाच्या कपाशेजारी सहीसाठी ठेवलं. या बाईच्या चिकाटीपुढे मी कधीच टिकलेलो नाही. मी सही केली, आणि त्या दिवसापासून मलाच अर्जात लिहिलेल्या त्या चार-पाच वर्षांच्या मुलाची घाई झाली. रस्त्यात त्या वयाचं कुणी दिसलं की मी गाडी हळू करायला लागलो.

आता सगळं दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंवर होतं. त्या घरी येऊन आम्हाला बघणार, अहवाल लिहिणार. अहवाल चांगला आला तरच आमची फाइल त्या देशात जाणार, नाहीतर कारभार इथेच आटोपला.

मी चाळीस प्रश्नांचा संच काढला. आमच्या स्कूलमध्ये लेखी परीक्षेसाठी असतो तसाच, प्रश्नाखाली उत्तर. रोज जेवणानंतर मी मुलींना टेबलाशी बसवून उत्तरं घोकून घेतली. सात वर्षांची धाकटी पोपटासारखी बोलायला लागली. अकरा वर्षांची थोरली मात्र मध्येच विचारायची, "बाबा, त्याला आपलं घर आवडलं नाही तर?"

"हा प्रश्न संचात नाही. पुढचा घे."

"अहो, ही परीक्षा नाहीये," बायको म्हणाली.

"सगळीच परीक्षा असते," मी म्हणालो. मला राग लवकर येतो आणि तेव्हा मी अशी वाक्यं बोलतो.

बाई आल्या. सावकाश बोलणाऱ्या, पण नजर तेज. खिडक्यांच्या कड्या हलवून बघितल्या, औषधांचं कपाट किती उंचीवर आहे ते बघितलं. मग स्वयंपाकघराचं दार लावून एकेकाशी बोलल्या. शेवटी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"घरात भांडण झालं तर काय करता, असं मी चौघांना विचारलं," त्या म्हणाल्या. "तिघांनी सांगितलं, 'आम्ही दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतो.' शब्दही तेच. धाकटीने तर हे सातव्या प्रश्नाचं उत्तर आहे, असंही सांगितलं."

धाकटी शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होती. माझं धाबं दणाणलं.

"तुमच्या मिसेस तेवढ्या म्हणाल्या, 'मी आधी ओरडते.'" बाईंनी पेनाला टोपण लावलं. "घरातली माणसं मला भेटलीच नाहीत, तर मी लिहू काय?"

माझी चूक होती आणि त्यापायी बायकोचे सगळे खेटे पाण्यात चालले होते. बोलली ती थोरली.

"मी माझं सांगू? बाबांच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला न सांगता ते दाबतात. एक काकू एवढ्या दचकल्या, की रडल्याच. त्या मुलाच्या बाबतीत सगळ्यांकडे ब्रेक आहे. तुमच्याकडे, आईबाबांकडे, त्याच्या देशाकडे. त्याच्याकडेच नाही. त्याला आम्ही आवडलो नाही तर तो काय दाबणार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. असं मी गेल्या वीस वर्षांत कुणासमोरही म्हटलं नव्हतं.

बाईंनी टोपण काढलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मग थोरलीला विचारलं, "म्हणजे तो येऊ नये असं वाटतं का तुला?"

"येऊ नये?" पोरगी उसळलीच. "कपाटाचे खालचे दोन खण मी रिकामे केलेत. वर त्याचा हात पोचणार नाही म्हणून."

बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही याचा पत्ता नव्हता. बाई उठल्या, मुलींच्या खोलीत जाऊन कपाट उघडून बघून आल्या.

"पुढच्या महिन्यात पालकांचे वर्ग सुरू होतायत, दोघांनी या," त्या म्हणाल्या. "फाइल मी पुढे पाठवते. तो संच मात्र घरीच ठेवा."

त्या गेल्यावर थोरलीने विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?" "अजिबात नाही," मी म्हणालो. मला तिचा फार अभिमान वाटत होता. आम्ही नवरा-बायको अजून अर्जदारच होतो. ही पोरगी केव्हाच त्याची बहीण होऊन बसली होती.