गाद्यांच्या टेम्पोतून आलेला संघ

क्लबच्या अध्यक्षांचं नळांच्या तोट्यांचं दुकान होतं. हँडबॉल हाताने खेळतात, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं आणि तेवढ्या भांडवलावर ते दर सामन्याआधी भाषण ठोकत. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्याला तर ते नवा सूट चढवून आले. जिंकणारा क्लब मुख्य स्पर्धेत जाणार होता आणि तिथे म्हणे टीव्हीवाले येणार होते.

संघाची कर्णधार थोरली बाकावर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होती. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची; समोरच्याकडे डोळे बारीक करून पाहायची सवय तिला तिथूनच लागली असावी. अध्यक्षांकडे ती तशीच पाहत होती. तिची धाकटी बहीण, संघातली सगळ्यात चपळ खेळाडू, मात्र भाषणाला मान डोलावत होती. मुख्य स्पर्धेचा तिने ध्यासच घेतला होता.

सामन्याची वेळ झाली तरी समोरचा संघ येईना. त्यांची गाडी वाटेत बंद पडल्याचा निरोप आला, तशी अध्यक्षांची कळी खुलली. ते पंचांभोवती घुटमळू लागले. नियम सरळ होता: ठरलेली मुदत संपली की हजर संघ विजयी, मात्र त्या संघाच्या कर्णधाराची तयारी असेल तर पंच थांबू शकत होते. हा दुसरा भाग अध्यक्षांच्या कानात शिरलाच नाही. त्यांनी फोटोवाल्याला बोलावून मुलींना उंचीप्रमाणे उभं करायला घेतलं. मुलींनीही लगेच केस सारखे केले. न खेळता जिंकण्यात तेवढी सोय असते, थोरलीच्या मनात आलं, केस विसकटत नाहीत.

मुदत संपली आणि दारात गाद्यांचा टेम्पो येऊन थांबला. मागून सात जणी उतरल्या. बाकीच्यांना त्यात जागाच झाली नव्हती. सगळ्यांच्या केसांत कापूस, आणि गोलकीपर लंगडत होती.

पंचांनी थोरलीकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम, असं अध्यक्षांनी मध्येच ठणकावलं. नियमाबद्दल त्यांना आयुष्यात प्रथमच एवढं प्रेम फुटलं असावं. त्यांचं निम्मं दुकान फुटपाथवर मांडलेलं होतं.

"खेळू," थोरली म्हणाली.

"कुणाला विचारून?" अध्यक्ष म्हणाले.

"पंचांनी कर्णधाराला विचारलंय. नळवाल्याला नाही."

सामना झाला आणि थोरलीचा संघ हरला, अवघ्या एका गोलने. बदली खेळाडू नसतानाही कापूसवाल्या जिवाच्या आकांताने धावल्या, आणि धाकटीचा शेवटचा फटका त्या लंगड्या गोलकीपरने छातीवर झेलला. अध्यक्ष हात न मिळवताच गाडीत जाऊन बसले. थोरलीने क्लबला बुडवलं, असं ते पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना तोट्या दाखवता दाखवता सांगत राहिले.

मग खिलाडूवृत्तीसाठी क्लबचा जाहीर सत्कार ठरला आणि त्यांनी रातोरात कोलांटउडी मारली. तोच सूट घालून ते मंचावर चढले. खेळ मैदानातच जिंकायचा, ही शिकवण आपण मुलींना पहिल्या दिवसापासून देत आलो, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या दिवशी केस सारखे करणाऱ्यांनी इथेही टाळ्या वाजवल्या. थोरलीला हसू आवरेना. तिने तोंडावर रुमाल धरला, तर लोकांना वाटलं, बिचारी गहिवरली.

सामन्यापासून धाकटीने अबोला धरला होता. समारंभानंतर बसच्या थांब्यावर तिने तो सोडला.

"मला विचारायचं होतंस."

"तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"माहीत होतं. म्हणूनच नाही विचारलं."

"त्यांच्यात आणि तुझ्यात फरक काय गं, ताई? तेही आम्हाला विचारत नाहीत."

अध्यक्षांसाठी थोरलीच्या जिभेवर शब्द नेहमी तयार असत. आता ती डोळे बारीक करून बस शोधू लागली. बस आली, तेव्हा दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या.

पुढच्या हंगामात अध्यक्षांनी कर्णधारपद धाकटीला दिलं आणि तिने ते घेतलं. थोरली मुकाट्याने तिच्या हाताखाली खेळली. भाषणाच्या वेळी मात्र ती अजूनही डोळे बारीक करते.