कॅप्टनचे जंतू

आगारात सगळे तिला कॅप्टन म्हणत. अठरा वर्षं बस चालवणारी बाई. अरुंद वळणावर समोरचा ट्रक मागे जाईल, पण ही हटणार नाही. अशा कॅप्टनने एका दुखण्यापुढे मात्र हात टेकले होते. लघवीची जळजळ. औषध घेतलं की बरं वाटे आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं पुन्हा दारात हजर. लांबच्या फेरीवर बाईमाणसाला थांबायला धड जागा नाही, म्हणून ती पाणीच पीत नसे.

लेक जंतूंवर संशोधन करत होती. एकदा तिने चाचरत विचारलं, "आई, तुझ्या लघवीचा नमुना देशील? परत परत त्रास देणारेच जंतू मला हवेत."

"एवढं शिकवलं ते याच्यासाठी होय गं?" असं म्हणत कॅप्टनने संमतीच्या कागदावर सही ठोकली आणि हसत बाटली घेऊन आत गेली. बाटलीवर नाव घालायचं नाही, फक्त आकडा, असा नियम होता.

चार वर्षांनी लेकीने परीक्षकांपुढे पीएच.डी.चं काम मांडलं, त्या दिवशी कॅप्टन सकाळची फेरी संपवून गणवेशातच आली आणि मागच्या रांगेत बसली.

पडद्यावर मूत्राशयाच्या पेशी दिसत होत्या आणि त्यांना चिकटलेले जंतू. "ह्यांच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात," लेक सांगत होती. "तंतूचं टोक पेशीवरची एक साखर बरोबर हेरतं आणि घट्ट धरतं. मग लघवीच्या धारेनेही जंतू हलत नाहीत. आम्ही त्या साखरेसारखाच दुसरा पदार्थ सोडला. टोकांनी तोच धरला आणि बरेचसे जंतू धुऊन निघाले. अर्थात, हे अजून काचेच्या बशीतच आहे. औषध लांब आहे."

कॅप्टनची छाती अभिमानाने फुलून आली. ही आपल्या पोटची पोर!

पांढऱ्या मिशांच्या परीक्षकांनी विचारलं, "प्रयोगशाळेत तयार जंतू मिळतात. हेच का घेतलेत?"

"तयार जंतू वर्षानुवर्षं काचेतच वाढलेले असतात, सर. हे ज्या बाईंचे आहेत, त्यांना तीन वर्षांत अकरा वेळा…" लेक अडखळली. "त्यांच्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही."

"मला येईल की!" कॅप्टन उभी राहिली. "मीच ती बाई. जंतू माझे आणि पोरगीही माझीच."

सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. लेकीने घाईघाईने डोळे पुसले.

परीक्षक मात्र हसले नाहीत. "बाई, दिवसभरात पाणी किती पिता?"

"फेरी संपेपर्यंत घोटभरही नाही. थांबणार कुठे, साहेब?"

त्यांनी ते वहीत टिपलं आणि लेकीला म्हणाले, "प्रबंधात हे लिहिलेलं नाही तुम्ही. लिहा. बाकी काम उत्तम आहे."

पदवी जाहीर झाली तशी कॅप्टनने बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"अहो, पोरगी डॉक्टर झाली! आणि माझे जंतू शंभर माणसांनी पडद्यावर बघितले!"

पलीकडून तो म्हणाला, "हळू बोल, बाई, लोक ऐकतील."

"ऐकू देत की!" कॅप्टन आणखी मोठ्याने म्हणाली.