आबांच्या नावाचा राऊटर

मित्रांनो, मी एक म्हातारा वाय-फाय राऊटर. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय आणि एक अँटेना सेलोटेप गुंडाळून कसाबसा उभा केलाय. माझा हिरवा दिवा मात्र अजून लखलखीत आहे. त्या दिव्याचीच मला लाज वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते काही मला आठवत नाही. डोळे उघडले ते थेट ठाकुर्लीत, रवींद्रच्या हॉलमध्ये. काय थाट होता हो माझा! त्याची बायको मेघना रोज मला फडक्याने पुसायची. पाहुणे आले की पाण्याच्या आधी माझा पासवर्ड मागायचे. लॉकडाऊनमध्ये रवींद्रचं ऑफिस आणि त्याच्या मुलीचं, अमृताचं शिक्षण, सगळं मी एकट्याने ओढलं. "आपला राऊटर म्हणजे घोडा आहे घोडा," असं रवींद्र मित्रांना सांगायचा आणि मी फुगून जायचो.

मग एक दिवस नवा राऊटर आला. काळाभोर, खेकड्यासारखा अँटेना पसरून बसणारा. मला उचलून कपाटावर टाकलं, जुन्या चपलांच्या खोक्याशेजारी. कौतुक करणारी माणसं किती पटकन विसरतात, हे मला तिथे धूळ खाताना कळलं.

पण त्या नव्या साहेबाचं नेट मागच्या खोल्यांपर्यंत पोचेना. मध्ये जाड भिंत आहे. तेव्हा रवींद्रने मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघितला, मला खाली काढलं आणि मागे आबांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या खोलीत लावलं. हॉलमधलं नेट हवेतून घ्यायचं आणि मागच्या बाजूला वाटायचं, असं मध्यस्थाचं काम मला मिळालं. वायर नाही, काही नाही.

या कामात एक मेख आहे, मित्रांनो. माझ्यामागे कितीही जण बसले तरी हॉलमधल्या साहेबाला फक्त मी दिसतो. वॉचमनला गेटवर रिक्षा दिसावी आणि आत कोण बसलंय ते दिसू नये, तसं. सगळ्यांचा कारभार माझ्या एकट्याच्या नावावर. आणि माझं नाव काय? मी आबांच्या खोलीत, म्हणून कोण किती नेट ओढतंय ते दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये रवींद्रने माझं नाव ठेवलं 'आबा'. इतका शिकलेला माणूस, पण हे नाव ठेवताना त्याच्या मनात काही आलं नाही.

आबांचं माझ्याकडे काम असं किती? संध्याकाळचा एक फोन. त्यांच्या बायको शांताबाई धाकट्या मुलाकडे, राजरत्नकडे, घोडबंदर रोडला राहतात. त्याचं बाळ सांभाळायला म्हणून थोड्या दिवसांसाठी गेलेल्या. बाळ चालायला लागलं, तरी त्यांना कोणी परत पाठवलं नाही. शांताबाईंना ऐकू येत नाही. साधा फोन त्यांच्या काही कामाचा नाही. समोरच्याचे ओठ दिसले की मात्र पुटपुटलेलंसुद्धा कळतं. व्हिडिओ कॉल आला तर उचलता येतो, स्वतः लावता येत नाही.

म्हणून दिवेलागणीला आबा बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावायचे, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवायचे आणि व्हिडिओ कॉल लावायचे.

"अहो, जरा वर धरा. नुसतं कपाळ दिसतंय," शांताबाई ओरडायच्या.

"आता?"

"आता दिसलात. गोळी घेतली का?"

मग दोघं मिळून त्रिशरण-पंचशील म्हणायचे. त्या आबांच्या ओठांकडे बघत म्हणायच्या, त्यामुळे थोड्या मागे राहायच्या. आबा त्यांच्यासाठी थांबायचे. खरं सांगतो, माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही वाहून नेलेलं नाही.

पण माझ्यामागे आणखी दोघीजणी बसलेल्या. मेघनाच्या बेडरूममधला टीव्ही मला जवळ, म्हणून तो माझंच नेट ओढायचा. सिरीयल, मग सिरीयलचा रिपीट. आणि अमृता! तिच्या वेब सिरीज संपतील तर शपथ.

एके दुपारी रवींद्रची मीटिंग अडकली. ऑफिसच्या साहेबांसमोर, पडद्यावर, तोंड उघडं ठेवून तो गोठला म्हणे. तणतणत त्याने अ‍ॅप उघडलं आणि सरळ आबांच्या खोलीत आला.

"आबा, दिवसभर काय बघता मोबाईलवर?"

"कुठे रे? तुझ्या आईला तेवढा फोन लावतो."

"खोटं नका बोलू. हे बघा, तुमचं नाव आहे इथे. दुपारभर व्हिडिओ चालू. या वयात असलं काय बघता, दार लावून?"

आबांचं तोंड उतरलं. शहाडच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला माणूस, कुणाची सुई इकडची तिकडे केली नाही. "अरे, वारा लागतो म्हणून दार लावतो," एवढंच म्हणाले. मेघना दारात उभी होती, हातात टीव्हीचा रिमोट. मागे अमृता पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. दोघींना ठाऊक होतं. दोघी गप्प बसल्या. मी तर ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे दिवा लुकलुकणं. ते कोण बघतंय?

रवींद्रने बोट दाबलं आणि 'आबा' नाव बंद करून टाकलं.

आता नीट ऐका. बंद झालं ते हॉलमधून येणारं नेट. मी नाही. माझा दिवा हिरवाच राहिला. आबांच्या मोबाईलवर वाय-फायचे दांडे पूर्ण भरलेले, आणि मोबाईलचा वेगळा नेटपॅक त्यांनी कधी मारलेलाच नाही. संध्याकाळी त्यांनी फोन लावला. पलीकडे रिंगच जात नव्हती, पण ते आबांना कसं कळावं? त्यांना वाटलं, ती उचलत नाही.

"बाळ झोपलं असेल," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पंचशील म्हणताना ते मध्ये मध्ये थांबायचे, मागे राहणाऱ्या आवाजासाठी, आणि मग पुढे म्हणायचे. रवींद्रला विचारायचं तर पुन्हा मोबाईलचं नाव काढायचं. त्या दुपारनंतर त्यांची हिंमत झाली नाही. तिकडून राजरत्नने एकदा फोन करून भावाला विचारलं, आई काळजी करतेय म्हणून. रवींद्र खोलीबाहेरच्या बोळात उभा राहून म्हणाला, "आबांना काय झालंय? मजेत आहेत."

इकडे मेघनाचा टीव्ही आणि अमृताचा मोबाईल माझ्यामागून उठून, अडखळत का होईना, गुपचूप हॉलच्या नेटवर गेले. तिथे ते आपापल्या नावाने दिसायला लागले. पुन्हा मीटिंग अडकली, पुन्हा अ‍ॅप उघडलं, आणि रवींद्रला सगळं लख्ख कळलं. तो आबांच्या दारापर्यंत आला. आबांनी आशेने वर बघितलं.

"काय रे?"

"काही नाही. जेवलात ना?"

आणि गेला! बोळात मेघनाला म्हणाला, "राहू दे आता तसंच. चालू केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. सवय झालीये त्यांना." मित्रांनो, मी यंत्र आहे. माणसाची अशी चाल मला आजपर्यंत कळलेली नाही.

बुद्ध पौर्णिमेला सगळे ठाकुर्लीला जमले. आबा सकाळपासून पांढरा सदरा घालून बसलेले. शांताबाई खोलीत आल्या, कॉटच्या कडेला टेकल्या.

"रोज मांडीवर मोबाईल घेऊन बसायची मी," त्या म्हणाल्या. "एक दिवस तरी लावायचा."

"अगं, रोज लावला! लागतच नव्हता!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दिवा तर चालू आहे," म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

आबा त्यांच्या पाठीशी बोलत राहिले. मग उठून, भिंतीला धरत, त्यांच्या समोर गेले, ओठ दिसावेत म्हणून. शांताबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.

दारात रवींद्र खिरीची वाटी घेऊन उभा होता. "पप्पा, सांगा ना आजीला," अमृता म्हणाली. तिचा आवाज रडका झालेला.

"खीर थंड होतेय," रवींद्र म्हणाला. "चला सगळे."

त्याच दिवशी, शांताबाई राजरत्नबरोबर परत गेल्यावर, त्याने माझं नेट मोकळं केलं. कुणाला न सांगता.

तर मित्रांनो, मला पुसू नका, कौतुक करू नका, धूळ बसली तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त तुमच्या घरात मागच्या खोलीत कुणी राहत असेल, तर माझ्यासारख्याचा हिरवा दिवा बघून दारातून परत फिरू नका. आत जा. शेजारी बसा. विचारा, तुमचा फोन लागतो का?

आत्ता दिवेलागण झालीये. मेणबत्ती लावलीये, मोबाईल तांब्याला टेकवलाय. आबा पडद्यावर वाकून बघताहेत.

"आज वाजतोय," ते मला म्हणाले.

वाजतोय. मी तो नीट पोचवतोय. शांताबाई उचलत नाहीत.